परातीत उभं मुसळ

लहानपणी मला प्रश्न पडायचे आणि आत्याला त्यांचा राग यायचा. झोपलेली चिमणी फांदीवरून पडत काहून नाही? विहिरीचं पाणी थंडीत कोमट काहून लागतं? बाजार करून गाडीतून परत येताना चांद आपल्याच गाडीसंगं काहून चालतो? आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. घर तिच्या शब्दावर चालायचं. तिचं उत्तर ठरलेलं असे.

"देवानं केलं म्हून. आता उठ, जात्याला हात लाव."

काकीचं तसं नव्हतं. काकी धाकट्या चुलत्याची बायको, शिरड शहापूरकडची. मी काही विचारलं की ती म्हणायची, "बघू या," आणि खरंच बघायची. पाण्यात काठी वाकडी काहून दिसते म्हणून एकदा विचारलं, तर तिनं घंगाळात काठी घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली, मग हात कोपरापर्यंत बुडवून काठीवरून बोटं फिरवली. "काठी सरळच हाय," ती म्हणाली. "आपले डोळेच फसून राहिले." मी पण हात बुडवला आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. त्या घरात माझ्या प्रश्नांना जागा होती ती फक्त काकीजवळ.

एका वर्षी पोळ्याच्या अमावास्येलाच सूर्यग्रहण आलं. काकीला दिवस गेलेले, पोट चांगलंच पुढं आलेलं. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर लेकरू अंगानं फाटकं निघतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. दुसरी रीत मुसळाची. पितळी परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ते कशाच्याही आधाराशिवाय उभं राहतं, कारण ग्रहणानं त्याला धरलेलं असतं, आणि ग्रहण सुटलं की आपसूक पडतं. एरवी मुसळ कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं असायचं. बिनग्रहणाचं ते परातीत कुणी कधी उभं केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. सूर्यच दिसेना, तर त्याला लागलेलं ग्रहण कुठून दिसणार? आत्यानं अंगणात परात मांडून मुसळ उभं केलं. काकी ओसरीवर भिंतीला टेकून नुसती बसलेली. पुरण शिजायचं खोळंबलं, बैल धुवायचे खोळंबले, आम्हा पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

दुपारी वेशीकडून "सुटलं, सुटलं" असा ओरडा आला. काकीनं अंगावरून पाणी घेतलं आणि विळी पुढ्यात ओढून दोडकी चिरायला बसली. निम्मी टोपली चिरून झाली तेव्हा आत्या न्हाऊन बाहेर आली. तिनं परातीकडे पाहिलं.

"अगं बाई! मुसळ उभं हाय अजून! सोड, विळी सोड आधी!"

काकीच्या हातातलं दोडकं खाली पडलं.

मुसळ काही पडायचं नाव घेईना. दिवस कलता बैल सजून-धजून अंगणात आले, पुरणपोळी खाऊन धाकट्या बैलानं परातीतल्या पाण्यात तोंड घातलं, तेव्हा कुठं ते आडवं झालं.

"आत्ता सुटलं," आत्या म्हणाली.

मी विचारलं, "गिऱ्हाणानं सोडलं का बैलानं पाडलं?"

पाठीत धपाटा बसला. एरवी काकी तोंडाला पदर लावून हसली असती. त्या दिवशी ती पोटावर हात ठेवून विळीकडे बघत राहिली.

दिवाळीच्या सुमारास तिला मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. आत्यानं काकीकडे पाहिलं आणि काकीनं मान खाली घातली. लेकराला अंगावर पिता येईना. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं, तिथली चाची रोज पिंजलेल्या कापसाचा मऊ बोळा घेऊन यायची, दुधात बुडवून थेंब थेंब तोंडात सोडायची. "रो मत बेटी, बच्ची जी जाएगी," म्हणायची. तिच्यामुळे पोरगी जगली असं मी आजही मानते. पण उंबरा ओलांडताना तीच चाची सुस्कारा टाकायची, "गिरहन में काटना नहीं था रे." तिच्याही घरी तीच समजूत होती.

गावात काकीचं उदाहरण झालं. कुणाची सून गरोदर असली की सासू तिला आमच्या अंगणात घेऊन यायची, लेकीचा ओठ दाखवायची आणि म्हणायची, "बघून घे." काकीसमोर! आणि काकी लेकीला पुढं करायची. तिनं तेवढीच शिक्षा मान्य केली होती असं नाही. त्या दिवसापासून ती विळीवर बसली नाही. वांगी हातानं मोडायची, मेथी खुडायची, कांदा बुक्कीनं फोडायची. चिरायचं काम माझ्याकडे आलं. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी काही विचारलं तर ती म्हणायची, "नको गं बाई, काही इचारू नको." माझी काकी कुणीतरी नेली आणि तिच्या जागी ही भेदरलेली बाई आणून बसवली, असं मला वाटायचं. मला तिचा राग यायचा नाही. मुसळाचा यायचा.

पोरगी चालायला-बोलायला लागली होती त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आत्या नरसीला दर्शनाला गेली होती, काकी लेकीला घेऊन विहिरीवर. मी एकटी मिरच्या कुटत होते. कुटता कुटता बैलानं पाडलेलं मुसळ डोक्यात घोळायला लागलं. मग मी ते स्वच्छ धुतलं, परात अंगणात मांडली, पाणी घातलं आणि मुसळ मधोमध उभं करून हळूच हात काढला. पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मग श्वास रोखून, इकडे-तिकडे सावरून हात काढला आणि ते उभं राहिलं. वर लख्ख ऊन. मी बाजूला बसून त्याच्याकडे बघत राहिले. ते आपलं उभंच.

काकी दारात आली आणि थबकली. डोक्यावरची घागर तिनं कशीबशी खाली ठेवली, लेकीला ओढून पदराखाली झाकलं.

"गिऱ्हाण हाय? मला काहून न्हाई सांगितलं कुणी?"

"न्हाई काकी. वर बघ की."

तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. सूर्य आख्खा होता. मग तिनं खाली पाहिलं.

"तू धरून ठिवलंस?"

"मी इथं बसून राहिले ना."

ती परातीजवळ आली. मुसळ उचललं आणि स्वतः उभं केलं. पडलं. पुन्हा केलं. राहिलं. मग तिनं जे केलं ते मला सुचलं नव्हतं. परातीतलं पाणी तिनं ओतून दिलं आणि कोरड्या परातीत मुसळ उभं केलं. तरी राहिलं. शेवटी ते आडवं करून त्याच्या बुडाचं लोखंडी कडं अंगठ्यानं चाचपलं. कुटून कुटून ते गुळगुळीत, सपाट झालं होतं.

"पाणीबी लागत न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, आता ती हसेल. ती तिथंच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. लेक घाबरून तिच्या गळ्यात पडली. मला काय करावं कळेना, म्हणून मी मुसळ पुन्हा नीट उभं करून ठेवलं.

दिवस कलल्यावर आत्या गाडीतून उतरली. अंगणातलं मुसळ बघून तिचा चेहरा उतरला.

"आज कशाचं गिऱ्हाण?"

"कशाचंच न्हाई, आक्का," काकी म्हणाली. "दुपारधरनं उभं हाय."

मी धपाट्यासाठी पाठ कडक केली. आत्यानं प्रसादाचा पुडा ओसरीवर ठेवला, मुसळ उचललं, परत ठेवलं. तिच्या हातानंही ते उभं राहिलं. ती पायरीवर बसली.

"माजी दोन्ही लेकरं गेली," ती म्हणाली, "तवा सासूनं मलाबी असंच मुसळ दावलं व्हतं."

तिला लेकरं झाली होती हे मला त्या दिवशी कळलं. काकी सरकून तिच्या पायाशी बसली.

"मंग माज्या लेकीचा ओठ असा काहून, आक्का?"

"ठावं न्हाई बाई," आत्या म्हणाली. "मला ठावं न्हाई."

आत्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. काकीच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं, संस्थानी राजवट जाऊन दवाखाने जवळ आल्यावर, एका नर्सबाईनं सांगितलं. पोटातल्या लेकराच्या तोंडाचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. कधी कधी जुळत नाहीत, आणि काहून ते नेमकं सांगता येत नाही. पण जे व्हायचं ते दिवस राहिल्यावर पहिल्या दोनेक महिन्यांत होऊन जातं. म्हणजे पोळ्याच्या दिवशी काकी विळीवर बसली, तेव्हा तो ओठ कधीचाच तसा झालेला होता. हे ऐकताना मला काकीनं मोडलेली ती सगळी वांगी आठवली आणि मी नर्सबाईसमोरच रडले.

त्या संध्याकाळी मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं. चुलीची वेळ झाली होती. मी सवयीनं टोपली घेऊन चिरायला निघाले, तर काकीनं माझ्या हातातून टोपली घेतली.

"विळी आण गं."

मी आत्याकडे पाहिलं. तिनं विळी असलेल्या कोपऱ्याकडे मान वळवली. मी विळी आणली. काकीनं पाटावर पाय ठेवून बूड टेकलं. तिच्या लेकीनं आईला विळीवर बसलेली जन्मात पाहिली नव्हती. ती पुढ्यात येऊन उकिडवी बसली आणि त्या दुभंगलेल्या ओठातून, वारा निसटत, तिनं विचारलं, "आई, तुला चिरता येतं?"

"बघू या," काकी म्हणाली, आणि तिनं पहिलं वांगं पात्यावर धरलं.