धुळं आलं तेव्हा

भडगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारी माझ्याशेजारी बसली होती. नवरा गेल्यावर तिनं घर विकलं होतं आणि आता ती धुळ्याला गाडी बदलून सुरतेला, मुलाच्या फ्लॅटमध्ये कायमची राहायला निघाली होती. पदराचं टोक ती सारखं बोटाला गुंडाळायची, सोडायची. मीही बदली होऊन धुळ्याला निघालो होतो. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं.

"भाऊ, धुळं ऊनं का?" दर थांब्याला ती विचारायची.

"नाही अक्का, लांब आहे अजून," म्हटलं की तिचा चेहरा सैल व्हायचा.

पारोळ्यानंतर ती म्हणाली, "घर गयं तेनं काही नही, भाऊ. पन तठे माले नाव लिसन हाक कोन मारी?" सुरतेत तिला नावानं हाक मारणारं कोणीच नव्हतं.

धुळ्याला बस रिकामी झाली. ती उठेना.

"जराक बसू दे," म्हणाली.

मीही बॅग पायाशी ठेवली आणि पुन्हा तिच्याशेजारी बसलो.