पप्पांचा बेदाण्याचा रस

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी लागणारा द्राक्षारस पप्पा करतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो लागतो; उपासनेत प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातून रसाचा घोट देतात. शुक्रवारी रात्री ते काळे बेदाणे निवडून, धुऊन भिजत घालतात. शनिवारी त्याच पाण्यात उकळतात, हाताने कुस्करतात आणि पांढऱ्या सुती फडक्यातून गाळतात. ते फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, असा घरात नियम आहे. एकदा मी त्यात पनीर बांधलं, तेव्हा दिवसभर ते माझ्याशी नीट बोलले नव्हते. बेदाणे कराडच्या एका जैन व्यापाऱ्याकडचे. ते स्वतः दारूच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, पण पप्पा दिसले की गल्ल्यावरूनच हाक मारतात, "मेजर, देवाचा माल वेगळा काढलाय बघा!" पप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात.

पप्पा पूर्वी पीत असत. त्यावर मी फार लिहिणार नाही. मी आठवीत असेपर्यंत शाळेची बस आमच्या घराजवळ थांबू नये, पुढच्या चौकात थांबावी, असं मी ड्रायव्हरकाकांना सांगून ठेवलं होतं, एवढंच सांगते. मग एका पावसाळ्यात पप्पांनी सोडली. काही महिन्यांनी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले आणि म्हणाले, "मेजर, यापुढं प्रभुभोजनाचा रस तुम्ही करायचा." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "साहेब, दुसरं काय काम द्या की यांना. झाडायला सांगा, घंटा वाजवायला सांगा." पाळकसाहेब म्हणाले, "घंटा काय, कुणीही वाजवंल."

तेव्हापासून रस पप्पांचा. प्याला ओठाला लावण्याआधी ते क्षणभर थांबतात आणि खोल श्वास घेतात. लोकांना वाटतं, प्रार्थना करतायत. ते वास घेत असतात. रस आंबला की त्याची दारू व्हायला लागते, आणि ते सगळ्यांच्या आधी पप्पांच्या नाकाला कळतं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ल्युथरन या प्रोटेस्टंट पंथाची. या भागात आम्ही थोडेच, सातारा आणि सांगलीकडची मिळून काही चर्चेस. वर्षातून एकदा तीन दिवसांचं अधिवेशन असतं. शिक्षणावर आणि विधींवर तिथे ठराव मांडतात, वाद घालतात, मतं घेतात आणि शेवटच्या दिवशी सगळे मिळून प्रभुभोजन घेतात. या वर्षीचं अधिवेशन एप्रिलअखेर सांगलीत होतं आणि मी तरुणांची प्रतिनिधी होते. मी कुठे तोंड उघडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण यंदाचा मुख्य ठराव आणि त्यासोबतचा निबंध इंग्रजीत होते, मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांचं मराठी करून वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं.

ठराव सांगलीकडच्या एका ज्येष्ठ पाळकांनी आणला होता. ते मद्रासकडे धर्मशास्त्र शिकून आलेले, बारीक अंगाचे, आणि इतके हळू बोलायचे की त्यांच्यासाठी सभागृहातले पंखे बंद करावे लागत. त्यांचं म्हणणं असं, की येशूने शिष्यांना दिला तो आंबवलेला द्राक्षारस होता. त्याच्या जागी बेदाण्याचं उकळलेलं पाणी देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? म्हणून यापुढे सर्व मंडळ्यांत खरा द्राक्षारसच वापरावा. शेवटच्या कलमात होतं, की तब्येतीमुळे किंवा अन्य कारणाने ज्यांना तो चालत नाही त्यांनी केवळ भाकरीवर समाधान मानावं.

ते कलम मराठीत करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते अवघड नव्हतं.

कराडहून सांगलीला जाताना एसटीत मी पप्पांना सांगितलं. या वेळी आधीच करून ठेवलेल्या रसाचा स्टीलचा कॅन त्यांच्या दोन पायांमध्ये होता. ते प्रतिनिधी नव्हते, रस घेऊन निघाले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हंजी मी नुसती भाकरी खायाची. चालतंय की. मिलिटरी हॉस्पिटलात अर्धं डाएट देत्यात, तसं समजायचं."



थोड्या वेळाने म्हणाले, "आन रस?"

"विकतचा आणतील, पप्पा. बाटलीतला."

"दुकानातनं?"

"हो."

ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणाया मला धाडू नका म्हंजी झालं."

त्यांच्या पुढच्या सीटवरचा माणूस हसला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मी पप्पांच्या बाहीची शिवण धरून बसले. हात धरायची आम्हाला सवय नाही.

शनिवारी दुपारी मी निबंध आणि ठराव वाचला. माझा आवाज पहिल्या दोन पानांवर बरा होता, शेवटच्या कलमावर मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, मोठ्यानं!" मला ते कलम पुन्हा वाचावं लागलं. पप्पा अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर होते.

मग वाद सुरू झाला. आमचे पाळकसाहेब म्हणाले, सामर्थ्य देवाच्या वचनात आहे, रस किती आंबला यात नाही. एक शिक्षिका म्हणाल्या, "दारूनं किती घरं बसली ते आम्हा बायकांना विचारा, मग ठराव आणा." त्यावर एका वकिलांनी सांगितलं की अर्ध्या घोटाने कुणी दारुडा होत नसतो. "अर्ध्या घोटानं होत नसतो," मागून आवाज आला, "परत होतो!" हशा झाला. पप्पांकडे पाहायचं मी टाळलं. फलटणकडचे एक म्हातारे प्रतिनिधी काठी टेकत उठले. "मला एवढंच कळंना. आपल्या जुन्या लोकांनी रोमवाल्यांशी भांडण केलं ते कशापायी? प्याला निस्त्या पाद्रींना न्हाई, समद्यांना मिळाया पायजे म्हनूनच ना? मग आता आपनच कुनाला म्हनायचं का, तू नुसती भाकर घे?"

ज्येष्ठ पाळक उठले. पंखे बंद झाले. ते म्हणाले, "मला कुणालाही वगळायचं नाही. पण मरणाऱ्या माणसाच्या ओठाला मी प्याला लावतो, तेव्हा हा खरा की नुसता तसा दिसणारा, ही शंका त्याच्या मनात असता कामा नये. माझ्याही नको." एवढंच बोलून ते खाली बसले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं. अंधार पडेपर्यंत निकाल लागला नाही. मतदान रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी, असं अध्यक्षांनी जाहीर केलं.

रविवारी सकाळी मी चहासाठी स्वयंपाकघरात गेले, तर पप्पा कोपऱ्यात कॅन पुढ्यात घेऊन उभे. अधिवेशन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, तिथे एकच फ्रिज होता आणि पप्पांनी कॅन त्यातच ठेवला होता. रविवारच्या जेवणाचं ताक ठेवायला जागा हवी म्हणून शनिवारी सकाळी स्वयंपाकाच्या बायकांनी तो बाहेर काढला. तेव्हापासून तो चुलीशेजारच्या कट्ट्यावर होता.

"वास घे," ते म्हणाले. कॅन त्यांनी हात लांब करून धरला होता.

मला गोड वास आला. किंचित आंबूस असेल. मला सांगता आलं नसतं.

"लागलाय," ते म्हणाले. "झाकन काढलं तर फस्स केलं त्यानं."

मला पहिल्यांदा काय सुचलं ते लिहिते. कुणाला कळणार नाही. निम्म्या सभागृहाला तर हाच हवा आहे. पप्पा मागे बसतील, भाकर घेतील, आणि आम्ही दुपारच्या एसटीने घरी जाऊ. पप्पांनी झाकण लावलं. हात दोनदा साबणाने धुतले.

"सांगाया पायजे," म्हणाले. "तू सांगतीस? तुजं बोलनं चांगलं हाय."

माझं बोलणं चांगलं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

हॉलमध्ये अध्यक्ष मतदानाची पद्धत समजावून सांगत होते. ठराव पुन्हा एकदा वाचायचा म्हणून माईक माझ्यापुढे सरकवला गेला. मी उभी राहिले. कागदावरची अक्षरं दिसत होती, पण मी म्हणाले, "आधी एक सांगायचं आहे. प्रभुभोजनाच्या रसाबद्दल. माझे वडील सांगतील." आणि पप्पा मागून पुढे येईपर्यंत मी तशीच उभी राहिले, माईक हातात धरून. तेवढंच मला जमलं.

पप्पांनी माईक छातीशी धरला, फौजेत हजेरी देतात तसे ताठ. "रस आंबलाय. चूक माजी हाय. कॅन फ्रिजातनं भाईर आला आन मी बगितला न्हाई. ज्येनला आंबल्यालाच पायजे हुता त्येनला आज बरं झालं." कुणी हसलं नाही. "पर मी पिनारा मानूस हुतो. मला त्यो चालत न्हाई. माज्यासारकं आनिक कोन हिथं असंल तर त्येला न सांगता मी पाजनार न्हाई. मी भाईर बसतो. तुमी चालू करा."

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

पप्पा वळले तेव्हा ज्येष्ठ पाळक उठले. पंखे बंद करायचं या वेळी कुणाला सुचलं नाही, म्हणून त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"मेजर, नवीन करायला किती वेळ लागतो?"

"रातभर भिजाया लागतंय, साहेब."

"आणि घाई असली तर?"

"कडक पान्यात घालून तासाभरात हुईल. पर काळं बेदाणं न्हाईत हिथं. शिऱ्यासाठी आनल्यालं पिवळं हाईत. रंग येनार न्हाई."

"रंगाबद्दल माझा ठराव नाही," ते म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळून, "आणि ठराव मी मागे घेत नाही. माझं मत तेच आहे. पण आज मत घेऊ नका." अध्यक्षांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि ठराव पुढच्या अधिवेशनापर्यंत ठेवल्याचं सांगून टाकलं.

ज्येष्ठ पाळक बाह्या दुमडत पप्पांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मीही गेले. तिथे स्वयंपाकाच्या प्रमुख मावशी आधीच तयारीत होत्या. "आमाला काय म्हायती, तुमचा कॅन येवढा नाजूक हाय ते! ताक काय डोक्यावर ठिवायचं हुतं व्हय?" असं म्हणत त्यांनीच शिऱ्याचे सगळे बेदाणे पातेल्यात ओतले. "न्या! बिनबेदाण्याचा शिरा खा मग समदी!"

"मावशी, देवाला लागलेत," मी म्हणाले.

"व्हय की, म्हनूनच देतीया. न्हाईतर दिलं असतं व्हय?"

पाणी उकळलं, बेदाणे फुगले. पप्पांनी खिशातून पांढरं फडकं काढलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं पाळकांनी, आणि दोघं ते पिळू लागले. पिवळसर रस पातेल्यात पडत होता. तो गरम होता, पाळकांची बोटं लाल झाली होती, पण त्यांनी सोडलं नाही.

पिळता पिळता ते म्हणाले, "आमच्या हिला शेवटी गिळता येत नव्हतं. मी बोट बुडवून ओठाला लावलं. आत गेलं की नाही, कोण जाणे."

पप्पांनी फडक्याला आणखी एक पीळ दिला. "गेलं असनार, साहेब," ते म्हणाले. "ओठाला लागलं की जातंच आत. मला इचारा."

पाळक त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याने पुसले.

उपासना बरीच उशिरा सुरू झाली. प्याल्यातला रस कोऱ्या चहाच्या रंगाचा आणि अजून कोमट होता. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईला मोठ्याने विचारलं, "मम्मी, आज चहा देतायत?" आणि तिला गप्प करण्यात आलं. आम्ही रांगेने पुढे गेलो. ज्येष्ठ पाळकच प्याला देत होते. बाहेर बसतो म्हणालेले पप्पा माझ्या पुढे होते, आणि त्यांच्या मागे मी, त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवरचा घामाचा डाग बघत.

प्याला त्यांच्यासमोर आला. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या थांबण्याची वाट पाहिली.

ते थांबले नाहीत. वास न घेता त्यांनी प्याला ओठाला लावला.