पहिलं कार्ड गणपतीपुढे

मंडळी, आज दुपारी लेकीसाठी हॅलोविनचं कार्ड केलं. ती यंदाच कॉलेजला गेली, त्यामुळे रबर स्टॅम्पचा डबा मी एकटीनेच उघडला. भोपळा छान उठला, वटवाघूळ जरा फिसकटलं.

लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, तसं आमच्याकडे हॅलोविनचं पहिलं कार्ड गणपतीपुढे जातं. सवयीने ठेवलं आणि लेकीला फोन करून तिच्या डॉर्मचा, म्हणजे हॉस्टेलचा, पत्ता विचारला.

"आई, जस्ट सेंड मी अ पिक ना!"

फोटो पाठवला. लगेच हार्ट आलं.

कार्ड अजून गणपतीपुढेच आहे. दुसरं करायला मन होईना.

इथे डब्लिनमध्ये कुणाला हवंय का हे कार्ड? स्वतः आणून देईन. चहाचा आग्रह केलात तर नाही म्हणणार नाही.