सातव्या खंडातली वर्तुळं

"भाऊजी, हे गेले," मुकुंदाच्या घरून सुधावहिनी फोनवर म्हणाल्या, "तो सातवा खंड तुमच्यासाठी काढून ठेवायला सांगितलं होतं..."

कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात, मुकुंद देवस्थळे तपासणीत. ओतीव भाग आला की हा हातोडीनं ठोकून कान लावायचा आणि तड्याची शंका येईल तिथं खडूनं वर्तुळ काढायचा. एकदा मंत्र्यांच्या हस्ते यंत्र रवाना व्हायचं होतं. मंडप, हार, बँड तयार. याचं वर्तुळही तयार. "देवस्थळे साब, मंत्रीजी रास्ते में हैं!" मोठे साहेब कळवळले. "आने दीजिए साब, दरार भी यहीं है." मंत्री हार घालून घेऊन परत गेले, यंत्र राहिलं. काढलेलं वर्तुळ मुकुंदानं सगळ्या नोकरीत कधी पुसलं नाही.

राजेरजवाड्यांची एक लांबलचक इंग्रजी अद्भुत कादंबरीमालिका आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये असल्यापासून दोघांत एक प्रत घेऊन वाचायचो. आधी तो, मग मी. रटाळ पानाच्या आकड्याभोवती तो पेन्सिलीनं वर्तुळ काढी आणि त्याच्या भरवशावर मी ते पान सोडून देई. सातवा खंड आला तेव्हा आम्ही निवृत्त. तो इंद्रपुरीत, मी शाहपुऱ्यात, आणि त्याच्या दुखण्याला डॉक्टरांनी हात टेकलेले. "एवढा खंड संपू दे," इतकंच त्याचं मागणं होतं. खंड मात्र संपायला तयार नव्हता. सहाव्यात राजा मेलेला. सातव्यात त्याची अंत्ययात्रा, तीनशे पानं. कुठल्या सरदाराचा झेंडा कसला, कुणाच्या घोड्यावर झूल कसली... मला सरकारी समारंभात बसल्यासारखं झालं. त्याचे डोळे थकलेले, म्हणून मीच दुपारी जाऊन वाचून दाखवायचो. एकदा हळूच चार झेंडे गाळले.

"निळा कुठे गेला?" त्यानं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"मुकुंदा, निळ्यावाचून कुणाचं अडलंय?"

"अर्धाच ठोकून भाग पास करतात का रे? वाच. आणि वर्तुळ काढ त्या पानाला."

मग नदी आली. होडी एकच आणि लहान. राजाचं प्रेत, म्हातारी राणी आणि नावाडी, एवढ्यांनाच जागा. एकेक सरदार पुढे येतो, आपला झेंडा वाळूत आडवा ठेवतो आणि मागे सरतो. लेखक नुसता रंग सांगतो. पण तीनशे पानं सोबत चाललेल्या मला प्रत्येक रंगामागचा माणूस दिसत होता. सगळ्यात शेवटी निळा... थाटामाटाला जन्मभर हसलो. पण एवढा थाट कुणी केवळ खाली ठेवण्यासाठी उभा करील, हे कधी मनातही आलं नव्हतं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबलेल्या. मुकुंदा म्हणाला, "सुधा, खोडरबर आहे का गं घरात?"

परवा खंड आणला. आकड्यांभोवती आता नुसते वळ आहेत, बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. खोडताना काही पानं चुरगळलीत. यात्रेच्या वाटेवरल्या दोन मेजवान्यांच्या पानांची वर्तुळं तेवढी शाबूत आहेत. थकून राहिली असतील म्हणावं, तर ती पुन्हा गिरवून ठळक केली आहेत. आठवा खंड लेखकानं अजून लिहिलेला नाही. सातव्याच्या शिवणीत खोडरबराचा भुगा अडकलाय... तो मी झटकलेला नाही.