आनेकलचं फुलपाखरू बर्फाच्या समुद्रात

रत्नाबाईच्या पदराला हटकून एखादी टाचणी लागलेली असायची आणि त्या टाचणीवरून घरात रोज भांडण व्हायचं. घर शिंप्याचं. बंगळूरात मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडरस्त्यावर, तिच्या सासूचं, चंद्राबाईंचं, शिवणाचं दुकान होतं. दिवसभर यंत्रांची खडखड, गुडघाभर कापडाच्या चिंध्या. अशा घरची सून दुकानात न बसता पलीकडच्या गल्लीतल्या जीवसंग्रहालयात मेलेली फुलपाखरं टाचणीवर लावायला जाते, ही गोष्ट चंद्राबाईंच्या घशाखाली कधी उतरलीच नाही.

"टाचण्या टोचायच्याच तर कापडाला टोच की," त्या म्हणायच्या. "कापड निदान गिऱ्हाईक घेऊन जातं. तुझी पाखरं कोण नेतं गं?"

"ती न्यायची नसतात, आत्याबाई. ठेवायची असतात."

"मग ते कपाट झालं. नोकरी कशी झाली?"

सत्त्याण्णव साली संग्रहालयात संगणक आला आणि त्याच्या मागोमाग पुण्याचा शुभंकर आला. त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. कपाटातल्या प्रत्येक जिवाचं नाव, तो कुणी धरला, कधी आणि कुठं धरला, हे सगळं त्यात घालायचं. मग नुसतं नाव निवडलं की नकाशावर त्या जागी हिरवा ठिपका उमटावा, असा बेत होता. जागा सांगायला दोन आकडे लागत, पूर्वेचा एक आणि उत्तरेचा एक. संग्रहालयाचे प्रमुख हयवदनराव, रत्नाबाई त्यांना अण्णा म्हणायची. त्यांनी चिठ्ठ्या लिहिण्याची रीत घालून दिली होती, आधी पूर्वेचा आकडा, मग उत्तरेचा. रत्नाबाईनं त्याच रीतीनं सगळी कपाटं टंकून काढली आणि शुभंकरनं तिची फाइल एका झटक्यात प्रोग्रामात ओढून घेतली.

त्या कपाटांत एक फुलपाखरू तिचं स्वतःचं होतं. बंगळूरबाहेर आनेकलच्या तुतीच्या मळ्यात उन्हाचा तुकडा सुटून उडावा तसं ते तिच्यापुढून गेलं होतं, आणि तिनं जाळी घेऊन बांधाबांधानं पळत ते धरलं होतं. चिठ्ठीवर धरणाऱ्याच्या जागी तिचंच नाव होतं. त्या नावाच्या भरात ती घरी बोलून गेली, "शनिवारी पाहुण्यांना नकाशा दाखवणार आहेत. आनेकलवर माझ्या नावाचा ठिपका येईल. बघायला या."

"येते," चंद्राबाई म्हणाल्या. "आनेकलला ठिपका दिसला तर तुझी नोकरी खरी. नाही दिसला तर सोमवारपासून काजं करायला बसायचं. सरी? कबूल?"

"सरी," रत्नाबाई म्हणाली खरी, पण रात्रीची भाकरी तिला गोड लागली नाही.

शनिवारी रस्त्यावर जॅकरांडाच्या निळ्या फुलांचा सडा पडला होता. इरकल नेसून, केसांत कनकांबरं माळून चंद्राबाई आल्या आणि पाहुण्यांच्या पुढची खुर्ची ओढून बसल्या. शुभंकरनं घसा साफ केला. "नकाशाचा भाग आज सकाळीच जोडलाय. बघू या."

त्यानं बटण दाबलं. कर्नाटकाचा नकाशा आला, मोकळाच. त्यानं नकाशा लांब नेला. अख्खा देश आला, तोही मोकळा. आणखी लांब नेला, तेव्हा पार वरती, जिथं पृथ्वीची टोपी असते तिथं, बर्फाच्या समुद्रात हिरव्या ठिपक्यांची जत्रा भरलेली दिसली.

"हे काय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"आजी, ते... ध्रुवाजवळ," शुभंकर पुटपुटला.

"आणि आनेकल?"

"आनेकलपण तिथंच."

हयवदनरावांनी चष्मा पुसला. "हेब्बाळ तळ्याचा आमचा बेडूक तिकडं? स्वेटर तरी घालून गेलाय का बघा."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू खोलीभर सांडलं. रत्नाबाईला मात्र डोळ्यांपुढं सोमवार दिसत होता, आणि काजं करायच्या सदऱ्यांची चळत.

"रत्नाताई, आधी कोणता आकडा लिहिलात?" शुभंकरनं विचारलं.

"पूर्वेचा. अण्णांनी शिकवलं तसं."

"मग?" हयवदनराव म्हणाले. "जेवायला पाट मांडायचा तर पूर्व आधी, दार काढायचं तर पूर्व आधी. उत्तर आधी कोण धरतं?"

"ॲक्च्युअली, माझा प्रोग्राम धरतो, सर. आपला पूर्वेचा सत्त्याहत्तर त्यानं उत्तरेचा धरला, म्हणून सगळे ध्रुवाशी गेले. चूक माझी, मी विचारायलाच हवं होतं."

"मग फिरव की बाबा त्याला," चंद्राबाई म्हणाल्या. "बाही उलटी लागली तर उसवायची. त्यात काय?"

शुभंकरनं दोन रकान्यांची अदलाबदल केली. बर्फावरचे ठिपके पुसले गेले. क्षणभर सगळं जग रिकामं. मग फोडणीत मोहरी तडतडावी तसे ठिपके बंगळूरच्या अंगाखांद्यावर उतरू लागले. बेडूक हेब्बाळला आला, भुंगे नंदीच्या डोंगराला चिकटले, आणि अगदी शेवटी, दम खात खात, एक ठिपका आनेकलवर येऊन टेकला.

"त्याच्यापाशी काय लिहिलंय?" चंद्राबाई उठून पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. रत्नाबाई वाचायला पुढं झाली तशी म्हणाल्या, "तू नको. तू तुझंच नाव वाचशील. हयवदनराव, तुम्ही वाचा."

त्यांनीही रत्नाबाईचंच नाव वाचलं. चंद्राबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग वळून शुभंकरला म्हणाल्या, "आता परत पाठव बघू तिकडं."

"कुणाला, आजी?"

"सगळ्यांना. आणि परत आण."

त्यानं पाठवलं, परत आणलं. पाहुणेही पोरांसारखे खुर्च्या सोडून पडद्याभोवती गोळा झाले. बेडूक ध्रुवावर जाई, बेडूक हेब्बाळला येई, आणि दर खेपेला चंद्राबाई टाळी वाजवत. हसून हसून हयवदनरावांना ठसका लागला. रत्नाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि तीही हसता हसता खाली बसली.

पण शब्द तो शब्द. पहिल्या खेपेला ठिपका आनेकलवर नव्हता. म्हणून सोमवारी सकाळी रत्नाबाई मुकाट्यानं दुकानात बसली आणि सदऱ्याचं पहिलं काज करायला तिनं सुई ओवली. चंद्राबाईंनी तिच्या मांडीवरचा सदरा ओढून घेतला आणि त्या जागी जेवणाचा डबा ठेवला.

"ऊठ. बेडकांना बर्फातनं घरी आणणारी बाई तू, काजं कसली करतेस? आणि त्या पुण्याच्या पोराला सांग, पूर्व आधीच बरोबर. मशीनच शहाणं करून घे म्हणावं."

डबा छातीशी धरून, पदराची टाचणी चाचपत, रत्नाबाई निळ्या फुलांवरून जवळजवळ पळतच निघाली. मागं चंद्राबाई पहिल्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "माप नंतर. आधी ऐक, आमचं फुलपाखरू कुठवर जाऊन आलं ते."