मिक्सर थांबल्यावर

सकाळी बायको मिक्सर लावते, तेव्हा बाबा ओट्याला टेकून उभे राहतात. त्यांचा चेहरा तेवढाच वेळ सैल असतो.

चाळीस वर्षं त्यांनी तांब्याची भांडी ठोकली. कान वाजायला लागले ते त्यातूनच. त्यांना आराम म्हणून मी दुकान बंद केलं, खोलीला जाड काचा बसवल्या. मग डॉक्टर म्हणाले, "शांततेत ही शीळ जास्तच जाणवते." इतकी वर्षं ती ठोक्यांखाली दबलेली होती. मी शहाण्याने ते ठोकेच थांबवले.

आज मिक्सर थांबला तसे बाबा घाईने म्हणाले, "सूनबाई, चटणी अजून जाडसर आहे गं."

बायकोने झाकण काढलं. चटणी गंधासारखी बारीक झाली होती.

"बाबा," मी सवयीने म्हणालो, "खोलीत जाऊन शांत बसा बघू."