स्लॅबवरच्या दोन काड्या

पोरीनं कॉलेजातून काडेपेटीएवढी डबी आणली. मैत्रिणींसोबत तिनं ती स्वतः जोडली होती. म्हणाली, "आई, हा रेडिओच हाय. डबी लहरी पकडते, बाकी काम लॅपटॉप करते. अन् हिचा नकाशा सगळ्यायसाठी खुला हाय. कोणीबी पाहावं, कोणीबी बनवावं."

मला खरं वाटेना. जिच्याकडे मी ब्लाउज शिवायला शिकले, ती बाई कापड कापताना पाठ फिरवून बसायची. मी चौथी शिकलेली. चोरून बघत बघतच शिकले.

अँटेनासाठी एकवीस इंचाच्या दोन काड्या हव्या होत्या. माझ्याच शिवणाच्या टेपनं मापून मी ॲल्युमिनियमची जाड तार कापली. उघड्या कात्रीसारख्या फाकवून पोरीनं त्या स्लॅबवर बांधल्या. वरून जाणाऱ्या उपग्रहाकडून ढगांचा फोटो घ्यायचा, हा तिचा प्रोजेक्ट. कॉलेजात दाखवायचा दिवस उद्याचाच होता.

दुपारी भासरे आले, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. अंगणात खाटेवर बसून वर पाहत पोरीला म्हणाले, "हे काऊन लावलं व? पोलीस येतीन ना घरी. काढ."

"मोठेबाबा, हे फक्त आयकते. बोलत नाही."

"तुह्या मायसारखं?" ते हसले. "तिले सांग, पोरीले डोक्यावर बसवू नको म्हना."

मी दाराआडच उभी होते. आमच्यात सुना भासऱ्यांशी बोलत नाहीत, आणि ते अंगणात असताना त्यांच्या डोक्यावर, स्लॅबवर तर चढतच नाहीत. वीस वर्षं मी दोन्ही पाळलं.

पोर डोळे पुसत वर गेली, काड्या सोडून खाली घेऊन आली. उपग्रह यायला पंधरा मिनिटं होती.

मी पदर खोचला. तिच्या हातातून काड्या घेतल्या आणि भासऱ्यांच्या समोरून शिडी चढले.

"अवं, तुही माय येडी झाली काय?"

मी वरूनच पोरीला हाक मारली, तीही अंगणभर ऐकू जाईल अशी. "तोंड कोणीकडं करू, सांग!"

"उत्तरेकडं, आई!" ती लॅपटॉप घेऊन धावतच वर आली.

फोटो पट्टीपट्टीनं उतरत गेला. पांढरे ढग, मध्ये काळपट जमीन. "याच्यातच कुठंतरी आपण हाव," पोर म्हणाली. खाली पाहिलं तर खाट रिकामी. चहासुद्धा न घेता गेले.

तेव्हापासून भासरे आमच्याशी बोलत नाहीत. माझ्याशी आधी तरी कुठं बोलत होते? काड्या वरच आहेत.